एका पातेल्यात होणारं सोपं जेवण

३ ऑक्टोबर, मंगळवार

नवी वही सुरू करते आहे, कारण आज ठरवलेली गोष्ट जुन्या वहीतल्या परीक्षेच्या टिपणांत मिसळून चालणार नाही.

मी काम करते त्या कुटुंब केंद्रात आमच्या प्रमुख नेस्तान मॅडमनी मोहीम जाहीर केली: 'सोपा शनिवार'. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या घरी मोठ्यांचं आणि मुलांचं एकत्र, साधं, कटकटीशिवायचं जेवण घडवून आणायचं आणि अहवाल द्यायचा. हात वर करणारी पहिली मीच. माझं घर या कामासाठी आदर्श आहे, कारण ते अजिबात आदर्श नाही.

जुलैमध्ये माझ्या पदवीची मेजवानी झाली. घराण्यातली पहिली पदवी म्हणून चाळीस माणसं आली होती. बाबांनी सातवा पेला 'आपल्या आयांसाठी' उचलला. पाऊण तास बोलले. पुरुषांचे डोळे भरून आले, सगळे उभे राहिले. माझी आई त्या वेळी स्वयंपाकघरात चीज भरलेली अकरावी खाचापुरी तव्यावरून उतरवत होती. दारातून तिला ऐकू येत होतं. बाबांचा आवाज नीट यावा म्हणून तिने चुलीवरचा पंखा बंद केला, एवढंच.

मी तेवीस वर्षांची आहे. आईला जेवण सुरू होण्यापासून संपेपर्यंत मेजाशी बसलेली मी एकदाही पाहिलेली नाही. उद्दिष्ट लिहून ठेवते: शनिवार, २१ ऑक्टोबर रोजी माझी आई लामारा (वय ५१) पूर्ण जेवणभर खुर्चीवर बसेल. बाकी सगळं याच्यापुढे गौण.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पाहुणे ठरले. माझी कॉलेजातली मैत्रीण तातुली, तिचा नवरा (त्याचं नावच 'गेला') आणि त्यांच्या सहा वर्षांच्या जुळ्या मुली. नेस्तान मॅडम. केंद्रातल्या दोघी, त्यांची तीन मुलं. घरचे आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि बार्बारे. बार्बारे माझ्या भावाची मुलगी, नऊ वर्षांची. भाऊ-वहिनी इटलीत कामाला आहेत, म्हणून ती आमच्याकडे असते आणि सगळ्यात नाक खुपसते.

आईला म्हटलं, "चौदा माणसं. चौदाच माणसांचं करायचं."

"चौदा म्हणजे तिसांचं," आई म्हणाली.

"आई, चौदा म्हणजे चौदा."

"आणि कुणी वाटेवरून आत आलं तर? त्याला काय, तुझा कागद दाखवू?"

मी तडजोड केली. पंचवीस. पहिल्याच टप्प्यावर हटवाद बरा नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

आज पदार्थ ठरवले. पद्धत शास्त्रीय ठेवली: ज्या पदार्थामुळे कुणालाही जेवणाच्या वेळी उभं राहावं लागतं, तो बाद.

खाचापुरी गरमच खातात, म्हणजे कुणीतरी तव्यापाशी उभं, बाद. अक्रोड वाटून करायच्या भाज्या आदल्या दिवशी पाच तास खातात, बाद. तळणीचं बाद. केक बाद, कारण साखरेने मुलं नाचतात आणि मग आया त्यांच्यामागे धावतात. उरलं ते असं: मटण घालून एकाच पातेल्यात शिजणारा भात, उकडलेला राजमा, थंड मासा, पाव, हिरवा पाला. मुलांना गोड म्हणून उकडलेले गहू, त्यांत मध आणि बेदाणे. पूर्ण धान्य आहे.

आईने यादी हातात धरून बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढला.

"पिक्रिया, एकेक पदार्थ ठीक आहे. पण सगळे एकत्र नको करूस."

"का?"

"हा भात आपण कधी करतो?"

मी समजावून सांगितलं की प्रश्न भात कधी करतात हा नाही, तो कोण करतं हा आहे. शिलाप्लावी, म्हणजे हा मटणाचा भात, फक्त मयताच्या जेवणाला करायची, गहू-मध फक्त मेलेल्याच्या नावाने खायचे, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तांदळाला माहीत नसतं कोण गेलंय आणि कोण जिवंत आहे. आपण बायका अशाच समजुतींमुळे चुलीपाशी उभ्या आहोत.

"तांदळाला माहीत नसेल," आई म्हणाली, "गल्लीला असतं."

मग ती म्हणाली, "बरं. तू शिकलेली." आणि यादी साखरेच्या डब्याखाली ठेवली. तिला पटलं याचं समाधान वाटलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांशी बोलणं अवघड गेलं. बाबा कुताइसी ते बातुमी मिनीबस चालवतात, पण त्यांची खरी ओळख तमादा म्हणून आहे. आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, मयत असो, मेजाच्या टोकाशी बसून कधी कुणासाठी पेला उचलायचा आणि आधी काय बोलायचं हे झाउरीच, म्हणजे बाबाच ठरवणार.

"बाबा, शनिवारी तमादा नसेल."

"आजारी आहे का? कुणाला बोलावलंय?"

"कुणीच नाही. पदच नसेल."

बाबांनी काटा खाली ठेवला. "मग लोक बोलणार कधी?"

"जेवताना. सगळेच."

"सगळे एकदम? त्याला बाजार म्हणतात."

"आणि पेल्याला पेला लावायचा नाही. लहान मुलं असतात, उगाच दारूचा गाजावाजा नको."

बाबा आईकडे बघायला लागले. आई भांडी घासत होती, पाठमोरी. तिचे खांदे हलत होते. बहुधा खोकला. हवा बदलली आहे.

"माझ्याच घरात मी पाहुण्यांसमोर गप्प बसून खायचं," बाबा म्हणाले. "बैलासारखं."

"तुम्ही ऐकून घ्यायला शिकाल," मी म्हटलं. शेवटी ते म्हणाले की त्यांची तशीही शनिवारी पाचपर्यंत फेरी असते, उशिरा येतील. कुटुंबातल्या बदलाला पहिला विरोध पुरुषांकडूनच होतो हे आम्ही शिकलो होतो.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आई पडदे धूत होती.

मी विचारलं, कशासाठी. ती म्हणाली, "साधेपणाने येणारी माणसं. मोठ्या मेजवानीत लोक ताटात बघतात. साधेपणाने आले की इकडेतिकडे बघतात."

तिने खिडक्याही पुसल्या आहेत, गच्चीचा जिना खरवडून काढला आहे आणि माझ्या खोलीतला माळा आवरला आहे, जिथे सहा वर्षांच्या जुळ्या मुलीदेखील चढू शकणार नाहीत. मी तिला कामाचा तक्ता दाखवला. त्यात शुक्रवारपर्यंत तिच्या नावापुढे 'विश्रांती' आहे. तिने तक्ता कौतुकाने पाहिला आणि म्हणाली, "सुंदर अक्षर आहे. तिकडे धर जरा, ती शिडी."

शिडी धरली. तक्त्यात 'आईला मदत' अशी नोंद केली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बार्बारेला गव्हाचा नमुना खायला दिला. तिने दोन चमचे खाल्ले आणि गंभीर होऊन म्हणाली, "आत्या, केक नसणार?"

"नाही."

"खाचापुरी पण नाही?"

"नाही."

"मग मी काळा फ्रॉक घालू का? आजोबांच्या वेळचा मला आता आखूड होतो."

तिला तिच्या आईच्या वडिलांचं मयताचं जेवण आठवत होतं. मुलांच्या मनात केक नसणं आणि दुःख यांची सांगड किती लहानपणी घातली जाते याचं हे ठळक उदाहरण आहे. अहवालात घालीन. तिला म्हटलं, पिवळा घाल.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पंचवीस माणसांचा भात घरातल्या कुठल्याच पातेल्यात मावत नाही हे आज कळलं. शिवाय मुलांचं मेज वेगळं ठेवायचं नाही, सगळे एकाच लांब मेजाशी, म्हणजे बाकं हवीत. गल्लीचं मोठं पातेलं, लांब फळ्या आणि बाकं कोपऱ्यावरच्या मुर्मानकाकांच्या शेडमध्ये असतात. ज्याला लागतील तो नेतो.

मुर्मानकाका कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी सांगितलं, मोठं पातेलं हवं आणि दोन बाकं.

"लग्न ठरलं की काय तुझं?" ते हसत म्हणाले.

"नाही काका. साधंच जेवण. मटणाचा भात, राजमा, थोडा थंड मासा. मुलांसाठी गहू."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी दाण्याची वाटी भिंतीवर ठेवली आणि टोपी काढली.

"कधी?"

"उद्या. चार वाजता. फार कुणाला सांगितलेलं नाही, आईला त्रास नको म्हणून."

"बरोबर केलंस," ते हळू आवाजात म्हणाले. "तू जा घरी, पोरी. आईपाशी बस. सामान आम्ही पोचवू."

किती समंजस माणूस. एकही फालतू प्रश्न विचारला नाही. साध्या जेवणाची कल्पना साध्या माणसाला लगेच कळते, अडचण फक्त मधल्यांची असते.

२२ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

काल लिहायला बसलेच नाही. आता क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

काल सकाळी नऊला मुर्मानकाका आणि आणखी चार पुरुष पातेलं घेऊन आले. बाकं दोन सांगितली होती, त्यांनी आठ आणली. मी म्हटलं, एवढी नकोत. एकाने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुणीच दाढी केलेली नव्हती. मला वाटलं, शनिवार आहे.

आईने मागच्या अंगणात चूल पेटवली. मटण शिजत होतं. तीनच्या सुमारास मी मेजावर कागदी ताटल्या मांडत होते, तेव्हा फाटक वाजलं आणि मुर्मानकाकांची बायको दोदोमावशी आत आली. पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत. तिच्यामागे गल्लीतल्या सहा-सात बायका, तशाच. आई हातात मोठा डाव घेऊन पातेल्यापाशी उभी होती. दोदोमावशीने सरळ जाऊन तिला मिठी मारली.

"अंबेर्कीकाका ना?" ती म्हणाली. "मी कालच म्हटलं मुर्मानला. झाउरी तर सकाळी गाडीवर दिसला, पोरगी इथेच, इटलीची मंडळी परवाच फोनवर होती. म्हणजे अंबेर्कीकाकाच. हिवाळ्यापासून छातीत होतंच त्यांच्या. एकटीने सोसलंस, लामारा. आम्हाला हाक नाही मारलीस."

अंबेर्कीकाका म्हणजे आईचे काका. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, वर डोंगरात, राचा भागात राहतात, आणि गेल्या आठवड्यातच त्यांनी फोनवर आईला विचारलं होतं की चांगल्या पाण्याच्या पंपाला काय पडतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. भात, राजमा, मासा, गहू, मुर्मानकाकांचं पातेलं. मी ताटल्या टाकून धावले. पण माझ्याआधी आईने बोलायला हवं होतं. आईने तोंड उघडलंही. तेवढ्यात दोदोमावशीने तिच्या हातातून डाव काढून घेतला.

"तू हात लावायचा नाहीस," दोदोमावशी म्हणाली. "ज्याच्या घरचं माणूस जातं ती चुलीपाशी उभी राहते का कुठे? आम्ही काय मेलोय? नानी, हिचा अ‍ॅप्रन सोड. मारेखी, खुर्ची."

कुणीतरी मागून अ‍ॅप्रनची गाठ सोडली. आईने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग तिने तोंड मिटलं.

"चांगले होते अंबेर्कीकाका," ती म्हणाली.

होते. मी स्वतः ऐकलं.

तिला मेजाच्या मध्यभागी बसवलं. तिच्या मांडीवर शाल टाकली. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, मी सांगते सगळ्यांना. आत्ताच सांगते." तिने मेजाखाली माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"खाली बस," ती म्हणाली. "भात येतोय."

चार वाजेपर्यंत साठ माणसं झाली. पुरुष फाटकाबाहेर हात पुढे बांधून उभे. माझे पाहुणे आले ते त्यांच्यामधून. तातुलीचा नवरा मुलांसाठी सहा फुगे घेऊन आला होता. फाटकाशी त्याने काळे कपडे पाहिले आणि फुगे पाठीमागे लपवले, पण फुगे त्याच्या डोक्यावर येत होते. एका म्हाताऱ्याने त्याला पुढे होऊन विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"आम्हाला जेवायला बोलावलंय," गेला म्हणाला.

"सगळ्यांनाच बोलावलंय, बाळा. एक दिवस सगळ्यांनाच बोलावणं येतं."

तातुलीने मला बाजूला ओढलं. "पिक्रिया, कोण गेलं गं? सांगायचंस तरी. मी लाल घालून आलेय."

"कुणी नाही गेलेलं."

"शॉक बसलाय हिला," ती गेलाला म्हणाली, आणि मला पाणी दिलं.

पाच वाजता बाबा आले. गाडी कोपऱ्यावरच लावावी लागली, एवढी गर्दी. फाटकाशीच मुर्मानकाकांनी त्यांना कवटाळलं आणि सांगितलं. बाबा मटकन बाकावर बसले. "आज सकाळी मला काही बोलली नाही ही," ते म्हणाले. "मी गाडी चालवणार म्हणून नाही बोलली. अशी बाई आहे ही." मग त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले आणि मेजाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. तमादा नसणार हे माझं कलम तिथेच संपलं. पेल्याला पेला मात्र कुणी लावला नाही, कारण मयताच्या जेवणात लावत नाहीत. ते कलम काटेकोर पाळलं गेलं.

गेलेल्या माणसासाठी सांडतात तसे बाबांनी पावावर वाईनचे थेंब सांडले आणि अंबेर्कीकाकांवर बोलले. त्यांचं आयुष्यात कधी काकांशी पटलं नव्हतं. काल ते बोलले की या माणसाने स्वतःच्या हाताने एक द्राक्षमळा लावला आणि एकाही शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण केलं नाही. (काकांची तीन शेजाऱ्यांशी भांडणं चालू आहेत.) लोक रडले. गेलासुद्धा रडला.

मी फक्त आईकडे बघत होते. तिच्यासमोर भाताची ताटली ठेवली होती, वाफ येत होती. दोदोमावशीने वरून मटणाचा चांगला तुकडा ठेवला. आई खात होती. घाई नव्हती. मध्ये एकदा तिने उठायचा प्रयत्न केला, सवयीने, कारण कुणाचा तरी पेला रिकामा होता. दोन बाजूंनी दोन बायकांनी तिला खाली दाबलं. ती पुन्हा बसली आणि पाव मोडला. नंतर दुसऱ्यांदा भात घेतला. गहू घेतले. एकदा बाबा बोलता बोलता 'काकांच्या लाडक्या पुतणीसाठी' म्हणाले आणि साठ माणसं तिच्याकडे वळली. ती समोर होती. स्वयंपाकघरात नव्हती. तिने मान खाली घातली, आणि मला वाटतं तिला हसू आलं, पण सगळ्यांनी ते रडणं समजून तिच्या पाठीवर हात फिरवला.

बसण्याचा काळ: एक तास पन्नास मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

भांडी बायकांनी घासली. मुलं मागे गेलाच्या फुग्यांशी खेळली, त्यांना गहू आवडले. नेस्तान मॅडम उशिरा आल्या, सगळ्या गल्लीला एका मेजाशी बसलेली पाहून दारातच थबकल्या. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "चौदा सांगितले होतेस. हे तू कसं जमवलंस?"

मी म्हटलं, यादी छोटी ठेवली.

आज सकाळी आईशी स्पष्ट बोलायचं ठरवलं आहे. उद्दिष्ट पूर्ण झालं, पण साधन खोटं होतं. हे मला बोचतं आहे.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळ

बोलायची वेळच आली नाही. दुपारी फोन वाजला, बाबांनी उचलला. "हॅलो" म्हटलं आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. फोन लांब धरून आईकडे बघत राहिले. फोनमधून आवाज येत होता: "झाउरी? लाइन तुटली का? पंपाचं विचारलंस का?"

आईने शांतपणे फोन घेतला. "काका, बसून ऐका. काल तुम्ही गेलात."

मग काकांनी विचारलं, "मटण होतं?"

"होतं."

"माणसं?"

"साठ."

"साठ," काका म्हणाले. "तमादा कोण?"

"झाउरी."

"हूं. काय म्हणाला?"

आईने फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, द्राक्षमळा, कुंपण, सगळं. काकांनी एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली.

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "मग मी काल कुणासाठी रडलो?"

"तुला रडायला कधी कारण लागलंय?" आई म्हणाली.

मी म्हटलं, आता उठून गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सत्य सांगायचं, आणि मी ते करायला तयार आहे. बाबा दारात आडवे उभे राहिले. जिवंत माणसाच्या नावाने पावावर वाईन सांडणाऱ्या तमादाला या शहरात पुन्हा कुणी साध्या वाढदिवसालाही बोलावणार नाही, असं ते म्हणाले. माझी पदवी त्यांनी सोसली, हे ते सोसणार नाहीत. आई खिडकीशी बसून होती. बसून.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

अहवाल दिला. 'सहभागी: ६०. मुलं: १४. गृहिणीचा बसण्याचा काळ: १ तास ५० मिनिटं. यशाचं कारण: स्थानिक समुदायाने स्वयंस्फूर्तीने घेतलेला भार.' यात एकही वाक्य खोटं नाही. नेस्तान मॅडम तो वरच्या कार्यालयात पाठवणार आहेत. त्या विचारत होत्या की इतर गल्ल्यांमध्ये हे कसं घडवता येईल. मी म्हटलं, विचार करून सांगते.

१२ नोव्हेंबर, रविवार

काल दुसरं सोपं जेवण झालं. या वेळी माझ्या मनासारखं, स्वच्छ, कुणाच्या गैरसमजाला जागा न ठेवता. म्हणून खाचापुरी ठेवली, केक ठेवला, फाटकाला रंगीत कागद लावले. भात नाही, गहू नाहीत. पातेलं घरातलंच. पाहुणे तेच चौदा.

जेवण छान झालं. मुलं आणि मोठी माणसं एका मेजाशी बसली, गेलाने गोष्टी सांगितल्या, बाबांनी फक्त नऊ पेले उचलले, त्यांतला एक आयांसाठी. आईसाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवली होती. पण खाचापुरी गरमच लागते, आणि माणसं बोलत बसली की ती मोजून खात नाहीत. आईच्या खुर्चीवर नंतर पाहुण्यांचे कोट ठेवले, कारण खुंट्या भरल्या होत्या. पहाटे पाचपासून पाहुणे जाईपर्यंत ती उभी होती. असं होणं टाळता आलं असतं का, याचा मी विचार करते आहे. तक्त्यात चूक नव्हती.

ताटं गोळा करत असताना मागच्या दाराशी दोदोमावशी आली.

"लामारा, चाळिसाव्या दिवसाचं जेवण कधी येतं गं अंबेर्कीकाकांचं?"

मी हातातली ताटं खाली ठेवली. आता आई काय बोलते ते मला ऐकायचं होतं. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. मरण जेवणाच्या तीन दिवस आधीचं धरून तिने हिशेब करूनच ठेवला होता, आठवायला एक क्षणही घेतला नाही.

"सव्वीसला. रविवारी."

"तू काही करायचं नाहीस हं. पातेलं मुर्मान आणेल. आम्ही सगळ्या आहोत."

"मी कशाला काय करतेय," आई म्हणाली. "मी नुसती बसेन."

दोदोमावशी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि इतके दिवस राहिलेलं बोलले. म्हटलं, आई, तू आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस. मला एकच सांग, का?

आई मोरीपाशी उभी होती. उरलेल्या खाचापुरीचा एक थंड तुकडा तिने तोंडात टाकला आणि चावत राहिली.

"तो भात," ती म्हणाली. "तीस वर्षं करतेय मी तो. या गल्लीतल्या प्रत्येक माणसासाठी केलाय. गरम असताना इतका चांगला लागतो हे मला माहीतच नव्हतं."

हे मला एकदम पटलं. इतक्या साध्या अडचणीकडे माझं लक्ष कसं गेलं नाही? मी तिला सांगितलं की बाजारात आता अशी भांडी मिळतात ज्यांत जेवण चार तास गरम राहतं. मी सोमवारी आणते. मग कुणाच्या चाळिसाव्याची गरज नाही.

आईने ओल्या हाताने माझ्या गालावरचं पीठ पुसलं.

"आण," ती म्हणाली. "सव्वीसनंतर आण."